विटांच्या भिंतीमागचे लाकूड : ऑस्ट्रेलियात घर घेण्याआधीची इमारत व कीड तपासणी

ऑस्ट्रेलियात विटांचे म्हणून जे घर दिसते, ते बहुतेक वेळा विटांच्या आधारावर उभे नसते. बाहेरची वीट हा ऊन-पाऊस अडवणारा एक पदर असतो. तिच्या आत काही सेंटिमीटरची मोकळी फट आणि फटीच्या आत लाकडी सांगाडा असतो. छताचा सारा भार हा सांगाडा पेलतो आणि त्याच्याच आतल्या बाजूला प्लास्टरबोर्डचे तक्ते ठोकून खोलीची भिंत तयार होते. या पद्धतीला तिथे ‘ब्रिक व्हिनियर’ म्हणतात. आपल्याकडे भिंतीवर थाप मारली की भरीव आवाज येतो आणि खिळा ठोकायला ड्रिल लागते. तिथल्या भिंतीवर टकटक केले की डबा वाजवल्यासारखे पोकळ ऐकू येते. घर घेण्याआधी तपासणी का करायची, याचे निम्मे उत्तर या पोकळ आवाजातच आहे.

मुंबई-पुण्यात सदनिका घेताना आपण मुख्यतः कागद तपासतो. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे ना-हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि वकिलाने केलेला टायटल सर्च हे सारे नीट असले की आपला जीव भांड्यात पडतो. प्रत्यक्ष घराची तपासणी म्हणजे नळ सोडून पाण्याचा जोर पाहणे आणि न्हाणीघराच्या मागच्या भिंतीला ओल आहे का हे हाताने चाचपणे. मेलबर्न, सिडनी किंवा ब्रिस्बेनमध्ये पहिले घर शोधणारे मराठी कुटुंब बहुधा हीच नजर सोबत घेऊन जाते. कागदांचे काम तिथे कन्व्हेयन्सर (मालमत्ता हस्तांतरणाचे कागद पाहणारा व्यावसायिक) किंवा सॉलिसिटर म्हणजे वकील चोख करतो, पण त्याने तपासलेल्या मालकी हक्काच्या, कराच्या आणि सांडपाण्याच्या नकाशांच्या कागदांत लाकडाच्या प्रकृतीविषयी सहसा एक ओळही नसते. विक्रेता सांगेल, अशी आशाही फारशी धरता येत नाही. क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ब्रिस्बेनच्या राज्यात, १ ऑगस्ट २०२५ पासून विक्रेत्याने घराविषयी ठरावीक नमुन्यात माहिती देणे बंधनकारक झाले. मात्र इमारतीची मजबुती, कीड आणि पूर्वी आलेला पूर या गोष्टी त्या नमुन्यात येत नाहीत, असे त्याच नमुन्यावर स्पष्ट लिहिलेले असते. दिसणाऱ्या आणि दडलेल्या दोषांची चौकशी ही खरेदीदाराचीच जबाबदारी मानली जाते.

म्हणून ‘बिल्डिंग अँड पेस्ट’. हे नाव एका दमात उच्चारले जात असले तरी त्या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. इमारतीची तपासणी एएस ४३४९.१ या ऑस्ट्रेलियन मानकानुसार होते, आणि लाकडाच्या किडीची तपासणी एएस ४३४९.३ या मानकानुसार. दुसरीतल्या ‘पेस्ट’ या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर झुरळे आणि उंदीर उभे राहतात, पण त्यांचा येथे काही संबंध नाही. या तपासणीचा विषय लाकडाचा नाश करणाऱ्या गोष्टींपुरता आहे: वाळवी, लाकूड पोखरणारे भुंगेरे आणि लाकूड कुजवणारी बुरशी. अनेकदा दोन्ही परवाने असलेली एकच व्यक्ती दोन्ही कामे करते, काही वेळा दोन माणसे एकत्र येतात. साध्या तीन-चार शयनगृहांच्या घराला दोन्हींचे मिळून साधारण ४०० ते ८०० डॉलर पडतात. घर मोठे, जुने किंवा शहरापासून दूर असेल तर जास्त.

वाळवी आपल्याला नवी नाही. कोकणातल्या घरातले वासे, दाराच्या चौकटी आणि फडताळातल्या पोथ्या तिने खाल्लेल्या आपण पाहिलेल्या असतात. परंतु कोकणात ती चौकट खाते, तर ऑस्ट्रेलियात घराचा सांगाडा. हा फरक मोठा आहे. ऑस्ट्रेलियात घरांचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्या जातींमध्ये कॉप्टोटर्मिस ॲसिनॅसिफॉर्मिस या वाळवीचे नाव अग्रभागी येते. वाळवी म्हटले की वारूळ शोधण्याची आपली सवय येथे दगा देते, कारण देशाच्या दक्षिण भागात ही जात वारूळ न उभारता नीलगिरीच्या खोडात किंवा जमिनीखालच्या बुंध्यात घर करते आणि तिथून जमिनीखालून बोगदे काढत कित्येक मीटर दूरच्या घरापर्यंत पोहोचते. उत्तरेकडच्या उष्ण पट्ट्यात मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस ही अधिक मोठी आणि अधिक खादाड जात आहे. टास्मानियात मात्र घरांना वाळवीचा त्रास नगण्य आहे. तेथे घर घेणाऱ्याने बुरशीकडे आणि ओलीकडे अधिक लक्ष द्यावे.

वाळवीचा कामकरी कीटक मऊ, फिकट आणि उजेडाला व कोरड्या हवेला घाबरणारा असतो. त्यामुळे तो उघड्यावर चालत नाही. मातीच्या बारीक नळ्या बांधून त्यांच्या आडोशाने वर चढतो, लाकूड आतून खातो आणि बाहेरचा रंगाचा पापुद्रा तसाच ठेवतो. तपासनीस स्कर्टिंगवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत खोलीभर फिरतो ते या पापुद्र्यासाठी. शिवाय या किड्याला सतत ओलावा लागतो. गळका नळ, भिंतीलगत ठिबकणारे वातानुकूलकाचे पाणी, गळकी न्हाणी, भिंतीला टेकून केलेले फुलझाडांचे वाफे ही सारी त्याला दिलेली निमंत्रणे आहेत, आणि म्हणूनच कीड तपासणीच्या अहवालात नळाच्या गळतीवर अर्धे पान खर्च झालेले पाहून आश्चर्य वाटू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नव्या घराला ‘टर्माइट प्रोटेक्शन’ आहे असे सांगितले की वाळवी येणारच नाही, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात या व्यवस्थेचा बराचसा हेतू वेगळा असतो: पायातून किंवा नळाच्या छिद्रातून लपून वर येण्याचा मार्ग स्टीलच्या बारीक जाळीने, ठरावीक आकाराच्या दगडी चुऱ्याने किंवा रसायनाने बंद करायचा, म्हणजे वाळवीला घरात शिरायचेच असेल तर उघड्यावर, दिसेल अशा ठिकाणी नळी बांधून यावे लागते. क्वीन्सलँडच्या जुन्या, खांबांवर उभ्या असलेल्या घरांमध्ये प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची जी टोपी दिसते, तीही वाळवीला मारत नाही. तिला वळसा घालायला लावते, आणि वळसा घालणारी मातीची नळी डोळ्यांना दिसते. म्हणजे कोणीतरी पाहणारा असेल, तरच ही सारी व्यवस्था उपयोगाची. याच कारणाने काँक्रीटच्या जोत्याची साधारण ७५ मिलिमीटर कडा चारी बाजूंनी उघडी ठेवायची असते. घरमालकाने हौसेने भिंतीलगत माती भरून बाग केली, फरसबंदी चढवली किंवा लाकडी डेक जोडला की ती कडा झाकली जाते, विटांच्या तळाशी हवा आणि पाणी जाण्यासाठी ठेवलेली छिद्रेही बुजतात, आणि पाहण्याजोगे काही उरत नाही. सुंदर बागेचे घर पाहताना तपासनिसाच्या कपाळावर आठी पडते ती यामुळे.

जुन्या घरांच्या बाबतीत आणखी एक तपशील लक्षात घ्यावा. पूर्वी पायाखालच्या मातीत ऑर्गॅनोक्लोरीन वर्गातील विषारी रसायने फवारली जात आणि त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिके. १९९५ च्या सुमारास बहुतेक ऑस्ट्रेलियात त्यांचा वापर थांबवण्यात आला. त्यानंतरची रसायने ठरावीक वर्षांनी पुन्हा भरावी लागतात. कोणती व्यवस्था केव्हा बसवली आणि तिची मुदत किती, याची चिठ्ठी विजेच्या मीटरच्या पेटीत किंवा स्वयंपाकघरातील कपाटाच्या आत चिकटवलेली असते. घर पाहायला गेल्यावर पाहुण्यांच्या बैठकीआधी मीटरची पेटी उघडून पाहणारा खरेदीदार एजंटला विचित्र वाटेल, पण ते चालेल.

आता माती. हा भाग मराठी वाचकाला समजावण्याची गरजच नाही, कारण काळी माती आपल्या ओळखीची आहे. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेली ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यावर हलका पाया घालून बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी, टार्नीट आणि मेल्टन या बाजूला, जेथे अनेक भारतीय कुटुंबे राहायला गेली आहेत, जमिनीखाली ज्वालामुखीचा बेसॉल्टच आहे आणि त्यापासून झालेली चिकण मातीही तशीच फुगणारी-आक्रसणारी आहे. तेथील मानकात, एएस २८७० मध्ये, जमिनीचे वर्ग ठरवलेले आहेत: वाळू-खडकाच्या स्थिर जमिनीला ‘ए’, आणि नंतर माती जितकी जास्त हलेल तितका वरचा वर्ग. ‘एम’ वर्गात पृष्ठभाग २० ते ४० मिलिमीटर वर-खाली होऊ शकतो, ‘एच१’ मध्ये ४० ते ६०, ‘एच२’ मध्ये ६० ते ७५ आणि ‘ई’ वर्गात त्याहून अधिक. पाया त्या वर्गाप्रमाणे आखलेला असतो. परंतु पन्हाळीचे पाणी जोत्याजवळच सांडत राहिले किंवा भिंतीलगतच्या मोठ्या झाडाने एका बाजूची माती कोरडी केली, तर घराचा एक कोपरा उचलला जातो आणि दुसरा तिथेच राहतो. घट्ट बसणारी दारे, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग आणि छत व भिंत यांच्यामधली पट्टी सुटणे ही त्याची लक्षणे होत.

भेग दिसली की घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. त्याच मानकात भेगांचीही प्रतवारी आहे. १ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बारीक म्हणून सोडून दिल्या जातात. ५ मिलिमीटरपर्यंतच्या दिसतात, पण बुजवता येतात. ५ ते १५ मिलिमीटरच्या भेगांना भिंतीचा काही भाग काढून दुरुस्ती लागू शकते. १५ ते २५ मिलिमीटरच्या भेगा म्हणजे मोठी दुरुस्ती. रुंदीइतकेच महत्त्व भेग वाढते आहे की थांबली आहे याला असते, आणि ते एका भेटीत कळत नाही. नुकतीच रंगवलेली एकच भिंत, बाकीच्या तशाच, असे दिसले तर तपासनिसाला ती मुद्दाम दाखवावी.

प्रत्यक्ष तपासणी साधारण दीड-दोन तासांची असते. तपासनीस छतावर पाहतो, छताखालच्या पोकळीत शिडीने चढतो, लाकडी फरशी असेल तर तिच्याखालच्या पोकळीत सरपटत जातो, ओलावा मोजणारे यंत्र न्हाणीघराच्या भिंतीला लावतो, काही जण थर्मल कॅमेराही वापरतात. आवारातील शेड, गॅरेज, कुंपण आणि संरक्षक भिंतीही, मुख्य इमारतीपासून ३० मीटरच्या आत आणि हद्दीच्या आत असतील तर, पाहिल्या जातात. परंतु ही तपासणी केवळ डोळ्यांनी दिसेल तेवढ्याची आहे. तपासनीस प्लास्टरबोर्ड फोडत नाही, गालिचा उचलत नाही, सोफा सरकवत नाही, खिडक्यांच्या मागे रचलेली खोकी हलवत नाही. घर अजून दुसऱ्याचे आहे, त्यामुळे ते योग्यही आहे. शिरण्याच्या जागांनाही किमान मापे आहेत: छताखाली सुमारे ६०० बाय ६०० मिलिमीटर मोकळी जागा आणि लाकडी फरशीखाली ४०० मिलिमीटर उंची नसेल, तर ती जागा ‘पोहोचण्याजोगी नाही’ असे लिहून तो पुढे जातो.

आणि येथेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. हातात येणारा अहवाल चाळीस-पन्नास पानांचा असतो. त्यात भरपूर छायाचित्रे असतात, सुटलेल्या सिलिकॉनपासून वाकलेल्या पन्हाळीपर्यंत बारीकसारीक दोषांची यादी असते, आणि आपण ती यादी वाचून हे घर चांगले की वाईट ते ठरवतो. माझ्या मते त्या अहवालातील पहिले वाचायचे पान ते नव्हे. ‘कोणते भाग पाहता आले नाहीत आणि का’ हा जो रूक्ष, कायदेशीर भाषेतला आणि सहसा वगळला जाणारा मजकूर असतो, तो आधी वाचावा. फरशीखाली जाण्याचे दार होते, पण त्यावर वॉशिंग मशीन होते. छताखाली इन्शुलेशनमुळे, म्हणजे उष्णतारोधक थरामुळे, तुळया झाकलेल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीला लाकडी डेक टेकलेला होता, असे तीन तपशील एकत्र आले तर बाकीचा अहवाल कितीही स्वच्छ असला तरी तुम्हाला निम्म्याच घराचा अहवाल मिळालेला आहे. ‘वाळवीची चिन्हे आढळली नाहीत’ या वाक्याचा अर्थ ‘वाळवी नाही’ असा होत नाही. ‘जेवढे पाहता आले तेवढ्यात त्या दिवशी चिन्हे आढळली नाहीत’ एवढाच होतो. तपासनीस ही पळवाट म्हणून लिहितो असे अनेकांना वाटते. काही अंशी ते खरेही असेल, पण खरेदीदाराने त्या पळवाटेचा नकाशा म्हणून उपयोग करून घ्यावा. वॉशिंग मशीन सरकवून ते दार उघडून द्या, अशी विनंती एजंटमार्फत विक्रेत्याला करता येते. डेकच्या दोन फळ्या काढून पाहू द्या, असेही लेखी विचारता येते. विक्रेत्याने नकार दिला तर तो नकारही एक माहितीच असते.

अहवालातील दोषांची वर्गवारी साधारण तीन प्रकारांत होते: मोठा दोष, किरकोळ दोष आणि सुरक्षिततेला धोका. जुन्या घरात किरकोळ दोषांची यादी लांबच असणार, तीस वर्षांच्या घराला तीस वर्षांच्या सुरकुत्या असणारच. मोठा दोष म्हणजे ज्याची दुरुस्ती टाळली तर घर असुरक्षित होईल, वापरण्याजोगे राहणार नाही किंवा आणखी बिघडेल असा दोष. हा शब्द अहवालात आहे की नाही, यावर पुढे करारातून बाहेर पडता येईल की नाही हे अवलंबून असू शकते, म्हणून तो तपासनिसाने नेमका वापरावा, असा आग्रह धरावा. जमल्यास तपासणीच्या शेवटच्या अर्ध्या तासाला स्वतः हजर राहावे. लेखी अहवालात प्रत्येक वाक्य वकिलाच्या भीतीने लिहिलेले असते. फरशीखालून धुळीने माखून बाहेर आलेला माणूस समोर उभा राहून अधिक मोकळेपणाने बोलतो. ‘तुम्ही हे घर घ्याल का?’ या प्रश्नाचे उत्तर तो देणार नाही. ‘पहिल्या वर्षी कशावर खर्च करावा लागेल?’ याचे बहुधा देईल.

तपासणीत काय येत नाही, तेही माहीत हवे. विजेची वायरिंग, जमिनीखालच्या नळवाहिन्या, गॅस, पोहण्याचा तलाव आणि वातानुकूलन यांसाठी वेगळे तज्ज्ञ लागतात. मागच्या अंगणातली जास्तीची खोली काउन्सिलच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) परवानगीने बांधली आहे का, हे तपासनीस सांगत नाही, कन्व्हेयन्सरला विचारावे लागते. ॲस्बेस्टॉसचीही (तंतू श्वासातून आत गेल्यास घातक ठरणाऱ्या खनिजाची) चाचणी होत नाही. फार तर ‘ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता’ अशी नोंद होते. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी ३१ डिसेंबर २००३ पासून आली, आणि १९९० च्या आधीच्या घरांत छज्जे, न्हाणीघराच्या भिंती किंवा बाहेरचे ‘फायब्रो’चे पत्रे यांत तो सापडणे अगदी शक्य आहे. न हलवलेला, न फोडलेला पत्रा सहसा लगेच धोका करत नाही. न्हाणी नव्याने करायची ठरवली की खर्च आणि धोका दोन्ही वाढतात. कॅनबेरात तर १९६८ ते १९७९ या काळात एका कंत्राटदाराने हजाराहून अधिक घरांच्या छतांत सुटा ॲस्बेस्टॉस इन्शुलेशन म्हणून फुंकून भरला, आणि २०१४ पासून सरकारला ती घरे विकत घेऊन पाडावी लागली.

तपासणी केव्हा करायची, हा प्रश्न कशी करायची यापेक्षा अधिक गोंधळाचा आहे, कारण त्याचे उत्तर राज्यागणिक बदलते. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, करारांची देवाणघेवाण झाल्यानंतर ५ कामकाजी दिवसांचा कूलिंग-ऑफ काळ, म्हणजे करार झाल्यावरही माघार घेण्याची मुदत, मिळते. त्यात माघार घेतली तर किमतीच्या ०.२५ टक्के, म्हणजे ८ लाख डॉलरच्या घराला २,००० डॉलर जातात. क्वीन्सलँडमध्येही ५ दिवस आहेत आणि कपात जास्तीत जास्त तेवढीच. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, पूर्ण ३ कामकाजी दिवस मिळतात आणि ०.२ टक्के किंवा १०० डॉलर, यांपैकी जे जास्त असेल ते कापले जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियात कायद्याने कूलिंग-ऑफ नाहीच. तेथे सारे संरक्षण करारात घातलेल्या अटीवर. सिडनीत गरम बाजारात एजंट ‘कलम ६६डब्ल्यूचे प्रमाणपत्र द्या, मग घर तुमचे’ असे म्हणतो, तेव्हा तो हा कूलिंग-ऑफचा हक्क सोडायला सांगत असतो. अहवाल हातात येण्याआधी ते प्रमाणपत्र देऊ नये.

कूलिंग-ऑफपेक्षा बळकट आधार म्हणजे करारातली तपासणीची अट. क्वीन्सलँडच्या प्रचलित करारात ‘बिल्डिंग अँड पेस्ट’ची तारीख लिहिण्याची जागा असते आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ वाजेपर्यंत समाधान झाले की नाही ते कळवायचे असते, समाधान न झाल्यास बाहेर पडता येते, परंतु खरेदीदाराने वाजवी वागले पाहिजे, म्हणजे एका तडकलेल्या टाइलवरून करार मोडता येत नाही. व्हिक्टोरियातील प्रमाण अटी अधिक कडक आहेत: अट करारात निवडलेली असेल तरच लागू, विक्रीच्या दिवसापासून १४ दिवसांची मुदत, नोंदणीकृत बांधकाम व्यावसायिकाचा अहवाल आणि त्यात दोषाला ‘मोठा दोष’ असे स्पष्ट म्हटलेले असणे आवश्यक. किडीसाठीही तशीच वेगळी अट निवडावी लागते. दोन रकाने आहेत आणि एकाच ठिकाणी खूण केली, असे घाईत घडते.

लिलावात यातले काहीही नसते. हातोडा पडला की करार विनाअट झाला, कूलिंग-ऑफ नाही. व्हिक्टोरियात तर जाहीर लिलावाच्या आधीच्या आणि नंतरच्या ३ कामकाजी दिवसांत खासगी रीतीने घेतलेल्या घरालाही तो हक्क मिळत नाही. म्हणून तपासणी लिलावाआधी करावी लागते, आणि चार लिलाव हरलेल्या कुटुंबाचे चार अहवालांचे पैसे पाण्यात जातात. या चौथ्या खेपेलाच ‘आता राहू दे’ असे वाटू लागते, आणि तीच खेप जिंकण्याची असू शकते. खर्च वाटून घेण्यासाठी काही संस्था एकच अहवाल अनेक इच्छुकांना कमी किमतीत विकतात. तो घेण्यास हरकत नाही, मात्र तो तुमच्या नावावर दिला गेला पाहिजे. विक्रेत्याने किंवा एजंटने सहज ईमेलवर पाठवलेल्या अहवालावर विसंबून घर घेतले आणि तो चुकीचा निघाला, तर तपासनिसाचा करार तुमच्याशी नव्हताच, असे उत्तर मिळू शकते. अपवाद कॅनबेराच्या प्रदेशाचा. तेथे इमारतीचे आणि किडीचे अहवाल विक्रेत्याने आधीच करून घेणे कायद्याने आवश्यक आहे आणि घर घेणारा व्यवहार पूर्ण होताना त्यांचा खर्च भरून देतो.

तपासनीस निवडताना राज्याचा नियम पाहावा. क्वीन्सलँडमध्ये घराच्या तपासणीसाठी त्या राज्याच्या बांधकाम आयोगाचा स्वतंत्र परवाना लागतो. न्यू साउथ वेल्समध्ये असा वेगळा परवाना नाही, त्यामुळे बांधकामाची पात्रता, व्यावसायिक जबाबदारीचा विमा चालू आहे का आणि कीड तपासणी त्या विम्यात येते का, हे खरेदीदारालाच विचारावे लागते. एजंटने सुचवलेला माणूस वाईटच असेल असे नाही, पण व्यवहार पार पडण्यात ज्याचे हित आहे त्याने सुचवलेल्या माणसाकडून व्यवहार मोडू शकणारी गोष्ट शोधण्याची अपेक्षा धरणे थोडे अजब आहे. नमुना म्हणून आधीचा एक अहवाल मागावा. जो देत नाही त्याला सोडून द्यावे.

सदनिका घेणाऱ्यांना यातले बरेच लागू पडत नाही, कारण तेथे छत, बाहेरच्या भिंती आणि पाया सर्व मालकांच्या सामाईक मालकीचे असतात. तेथे स्ट्रॅटाच्या किंवा ओनर्स कॉर्पोरेशनच्या, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या मालकांच्या संस्थेच्या, दप्तराची तपासणी महत्त्वाची: सभांची इतिवृत्ते, शिल्लक निधी, चालू खटले, विशेष वर्गणी. सिडनीतील ओपल टॉवरमधून डिसेंबर २०१८ मध्ये आणि मॅस्कॉट टॉवर्समधून जून २०१९ मध्ये रहिवाशांना भेगांमुळे बाहेर काढावे लागले होते. अशा इमारतींत एका सदनिकेच्या भिंती तपासून फारसे हाती लागत नाही.

अहवाल आल्यावर मोजक्याच वाटा असतात, आणि त्यांतली ‘किंमत कमी करून मागणे’ ही आपल्या लोकांना लगेच आवडते. ती मागताना दुरुस्तीचा लेखी अंदाज जोडावा. खांब बदलायचे, न्हाणीचे वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचे किंवा वाळवीची उपाययोजना करायची असेल तर त्या त्या कारागिराचा आकडा बोलतो. ‘विक्रेत्याने दुरुस्त करून द्यावे’ हे वरवर सोयीचे दिसते, पण निघून जाणारा माणूस स्वस्तात स्वस्त काम करून घेणार, हे गृहीत धरावे. त्यापेक्षा पैसे कमी करून घेऊन काम आपण करावे. चालू, जिवंत वाळवी आढळली असेल तर तिला डिवचू नये आणि कोणाला फवारूही देऊ नये, कारण डिवचलेली वाळवी जागा बदलते आणि मग ती कुठून आली हे शोधणे कठीण होते.

किल्ल्या हाती येण्याआधी, ठरल्याप्रमाणे घर सोपवले जात आहे का हे पाहण्याची एक शेवटची फेरी असते. ती स्वतः करायची असते आणि ती तपासणीचा पर्याय नाही. घर रिकामे झालेले असते, वॉशिंग मशीन गेलेले असते आणि फरशीखालचे ते दार मोकळे असते. टॉर्च घेऊन गेलात तर आत डोकावून पाहता येते, मात्र त्या वेळी करार विनाअट झालेला असल्यामुळे दिसेल ते आता तुमचे असते. घराचा सर्वसाधारण विमा वाळवीने केलेले नुकसान बहुधा भरून देत नाही. म्हणून अहवालावरची तारीख मीटरच्या पेटीतल्या चिठ्ठीशेजारी लिहून ठेवावी आणि तिच्यापासून बारा महिन्यांच्या आत त्याच तपासनिसाला पुन्हा बोलावावे. या वेळी सोफा सरकवायला तुम्हाला कोणाची परवानगी लागणार नाही.